बारा मीटर कमी

शेतात ठिबक संच बसवलाय असं सांगणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्याला ताई पहिला प्रश्न एकच विचारायच्या. "कौन सा ड्रिपर बंद है?"

ज्याच्याकडे संच खरोखर असायचा, तो या प्रश्नावर फुटायचाच. तिसऱ्या ओळीतल्या दोन ड्रिपरची भोकं क्षारानं बुजलीत, फिल्टर रोज धुवावा लागतो, परवा खारीनं नळी कुरतडली, कंपनीचा माणूस फोन उचलत नाही. ताई कंबरेवर हात ठेवून ते सगळं आनंदानं ऐकायच्या, जणू कोणी त्यांच्या मुलीचं कौतुक करतंय. आणि एखादा म्हणाला, "सब बढ़िया चल रहा है मैडम," की त्यांच्या कपाळाला आठी पडायची. मग माझ्याकडे वळून मराठीत म्हणायच्या, "तक्रार नाही म्हणजे वस्तू नाही. चल, मोज."

मी तेव्हा टी. टी. नगरजवळच्या आमच्या सरकारी ऑफिसात कंत्राटी कॉम्प्युटर ऑपरेटर होते. लग्न होऊन वर्ध्याहून भोपाळला आलेली, वय बत्तीस, हातात ऑफिसचा टॅबलेट. ताई निरीक्षक. काम तसं सरळ होतं. शेतकरी ठिबक संचासाठी अर्ज करायचा, मंजुरी आली की आपला वाटा डीलरकडे भरायचा, डीलर संच बसवायचा. मग आम्ही दोघी जाऊन संच पाहायचो, मोजायचो, फोटो काढून पोर्टलवर चढवायचो, आणि त्यानंतर सरकारी अनुदान सुटायचं. आम्ही 'पाहिलं' म्हटल्याशिवाय कोणाला काही मिळत नसे. बाकीचे निरीक्षक रस्त्यावर गाडी उभी करून पाहायचे. ताई चपला काढून वाफ्यात उतरायच्या.

त्यांचा जन्म भोपाळचाच. वडील नागपूरहून सरकारी ऑफिसाबरोबर इकडे आले ते इथलेच झाले. त्यामुळे ताईंचं मराठी म्हणजे नागपूर आणि भोपाळ यांचा संसार होता. "काय पाहून राहिली? फोटो काढ न!" असं त्या बोलायच्या, आणि मी "पाहतेय" म्हटलं की हसायच्या. "पाहतेय! पुण्याची लागून गेली का तू?"

अवधपुरीत त्यांचं घर होतं. नवरा तिथल्या कारखान्यातून निवृत्त झालेला इंजिनिअर, अतिशय शांत. एका संक्रांतीला त्यांनी कॉलनीतल्या मराठी बायकांना हळदीकुंकवाला बोलावलं. मीही गेले होते. तिळगूळ झाला, अत्तर झालं, आणि वाण म्हणून ताईंनी प्रत्येकीच्या हातात मोजायची टेप ठेवली. तीन मीटरची, पिवळी, बटण दाबलं की सट्‌कन आत जाणारी. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. कोणीतरी धीर करून विचारलं, "हे कशासाठी हो?"

"मोजायसाठी!" ताई म्हणाल्या. "साडी साडेपाच मीटर म्हणून विकतात, कधी पाहिलं का मोजून? पडद्याचं कापड? बिल्डरनं सांगितलेली खोली? मोजत जा बायांनो, लाजू नका."

दुसऱ्या दिवशी त्या कॉलनीतून तीन बिल्डरांना फोन गेले, असं त्यांचे यजमान मला हसत हसत सांगत होते.

चहाच्या बाबतीतही त्यांचं असंच. ज्याच्या शेताचं निरीक्षण, त्याच्या घरचा चहा त्या घ्यायच्या नाहीत. पण नाही म्हटलेलं खेड्यात वाईट दिसतं, म्हणून स्वतःचा भला मोठा थर्मास घेऊन फिरायच्या आणि उलट शेतकऱ्यालाच पाजायच्या. बांधावर बसून, स्टीलच्या पेल्यात. "आज सरकार ने चाय पिलाई, सबको बताना," असं वर बजावायच्या. म्हातारे शेतकरी पेला हातात धरून गोंधळून जायचे. सरकारचा चहा कसा प्यायचा असतो, हे त्यांना कोणी शिकवलेलं नव्हतं.

पोर्टलला त्या 'सासूबाई' म्हणत. "चूक झाली एवढं सांगते, काय चुकलं ते सांगत नाही."

तर त्या मार्चमध्ये, वर्ष संपायला चार दिवस उरलेले असताना, आमच्याकडे एका गावाची यादी आली. करोंदची मंडी ओलांडून बैरसिया रस्त्यानं पुढं गेलं की आत वळून लागणारं गाव. एकोणीस शेतकरी, सगळ्यांचा डीलर एकच, सगळ्यांचे संच एकाच आठवड्यात बसवलेले. गुरुवारी संध्याकाळी पाचला पोर्टल बंद होणार होतं. त्याच्या आत चढलं नाही तर त्या वर्षाचं अनुदान बुडालं.

सोमवारी सकाळी आम्ही पोचलो. गहू निघाला होता, शेतं नुसत्या धसकटांची, मधे मधे मिरची आणि टोमॅटोचे हिरवे तुकडे. पहिलं शेत हल्केराम नावाच्या पन्नाशीच्या शेतकऱ्याचं. मिरचीच्या ओळींमधून काळ्याभोर नळ्या अशा सरळ पडलेल्या की जणू रांगोळीला ठिपके घालायचे राहिलेत.

"कौन सा ड्रिपर बंद है?"

हल्केरामनं डीलरच्या माणसाकडे पाहिलं. "सब चालू है मैडम. एकदम बढ़िया."

ताई वाफ्यात उतरल्या, फिल्टरपाशी उकिडव्या बसल्या, हात फिरवला, उठल्या. मी फोटो काढले. मग देवळाचं दर्शन घडवून, लांबच्या वाटेनं आम्हाला दुसऱ्या शेतावर नेलं. तिथंही सगळं बढ़िया. तिसऱ्या शेताला जाण्याआधी सरपंचांच्या ओट्यावर आम्हाला बसवलं, हार घातले, गावाच्या शाळेची माहिती सांगितली. अर्धा तास गेला. मग तिसरं शेत. ताई पुन्हा फिल्टरपाशी बसल्या. मला म्हणाल्या, "इकडे ये. खाली हात घाल."

मी फिल्टरच्या खालच्या अंगाला बोटं फिरवली. काहीतरी चिकटलेलं होतं. वाकून पाहिलं तर लाल टिकली!

मी ताईंच्या कपाळाकडे पाहिलं. ते मोकळं होतं. पहिल्या शेतापासूनच मोकळं होतं आणि मला वाटलं होतं, घामानं पडली असेल.

"हल्केरामच्या इथं लावली होती," ताई हळूच म्हणाल्या. "चालत आली बिचारी."

म्हणजे संच एकच! आम्ही देवळात होतो, ओट्यावर हार घालून बसलो होतो, तेव्हा तो एका शेतातून उचलून पुढच्या शेतात अंथरला जात होता. एकोणीस शेतं आणि एकच संच!

"ताई, आता?"

"आता काही नाही. चेहरा नीट ठेव."

डीलरचा माणूस पुढं आला. "मैडम, अब पहले भोजन. दाल-बाटी बनी है. चौथा खेत उसके बाद."

"हाँ हाँ," ताई म्हणाल्या, "हाथ-मुँह धो के आते हैं." आणि मला मराठीत, अगदी साध्या आवाजात, जणू साबण कुठं आहे विचारतायत, "आपण जेवायला बसलो की नळ्या चालतात. मागून चल. पळू नको, पण लवकर चल."

गोठ्यामागून आम्ही निघालो. पुढं धसकटांचं शेत, डोक्यावर मार्चचं ऊन, पायाखाली टोचणारे गव्हाचे बुडखे. ताई साडीचा काष्ट्यासारखा खोचा मारून अशा निघाल्या की ही साठीला टेकलेली बाई आहे हे मला खरं वाटेना. मी टॅबलेट छातीशी धरून मागं. कालव्याच्या काठची कच्ची वाट आली तसा ट्रॅक्टरचा आवाज ऐकू आला. वळणावरून ट्रॉली आली. तीत काळ्या नळ्यांची भेंडोळी, वर फिल्टर, आणि नळ्यांवर दोन गडी.

ताई वाटेच्या मधोमध उभ्या राहिल्या. दोन्ही हात पसरून.

ट्रॅक्टर थांबला. चालवणारा इतका घाबरला की त्यानं आपोआप नमस्कार केला. ताई मागं गेल्या, चाकावर पाय ठेवला, "खींचो मुझे" म्हणाल्या गड्यांना, आणि चढून थेट नळ्यांच्या ढिगावर मांडी घालून बसल्या.

"फोटो काढ," मला म्हणाल्या. "मी दिसले पाहिजे आणि नळ्या दिसल्या पाहिजे."

तो फोटो अजून माझ्याकडे आहे.

पाऊण तासात सगळं गाव कालव्यावर जमलं. डीलर त्याच्या पांढऱ्या गाडीतून आला. चाळिशीचा, इस्त्रीचा शर्ट, गोड बोलणारा. "मैडम जी, नीचे आइए. धूप लग जाएगी."

"पाइप को लग रही है क्या? तो मुझे भी नहीं लगेगी."

त्यानं हात जोडले, मग समजावलं. माल यायला उशीर झालाय, आज फोटो होऊ द्या, पंधरा दिवसांत प्रत्येकाच्या शेतात संच, जबान आहे. ताईंनी त्याच्याकडे पाहिलंच नाही. त्या शेतकऱ्यांकडे पाहत होत्या. "तुम्ही सगळ्यांनी संच मिळाला म्हणून सह्या केल्यात," त्या हिंदीत म्हणाल्या. "आणि अनुदान थेट याला द्या असंही लिहून दिलंत. मिळाला का संच?"

मग हल्केरामच पुढं आला. मान खाली. "इन्होंने कहा, दस्तखत नहीं करोगे तो इस साल का गया. अपना हिस्सा तो हम दे चुके थे मैडम. डर गए."

"डरना ठीक है. झूठी सही ठीक नहीं है. वो मैं भूलूँगी नहीं." हे त्या इतक्या कडक म्हणाल्या की बायकांनी पदर पुढं ओढले.

मी ट्रॉलीवर चढून त्यांच्या कानाशी विचारलं, "ताई, आता लिहायचं काय?" खरं लिहिलं तर एकोणीसच्या एकोणीस अर्ज बाद होणार होते, आणि खोटी सही केली म्हणून त्या शेतकऱ्यांना पुढची कित्येक वर्षं काही मिळणार नव्हतं. त्यांचा भरलेला वाटा डीलरकडेच. खोटं लिहिलं तर डीलर अनुदान घेऊन मोकळा. दोन्हीकडून मेले शेतकरीच.

तेवढ्यात साहेबांचा फोन आला. त्यांच्यापर्यंत बातमी गेली होती. ताईंनी फोन कानापासून लांब धरला तरी ऐकू येत होतं. "रिजेक्ट डालिए और लौटिए. झमेले में मत पड़िए."

"सर," ताई म्हणाल्या, "निरीक्षण अभी पूरा नहीं हुआ है." आणि फोन ठेवला.

मग पदरानं मान पुसून त्यांनी गावकऱ्यांना विचारलं, "इसका गोदाम किसने देखा है?"

दहा हात वर झाले. सगळे मंडीला जाणारे लोक. गोदाम करोंदला होतं आणि मालानं भरलेलं होतं. उशीर मालाला झालेला नव्हताच.

मंगळवारी सकाळी करोंदच्या रस्त्यावर जे दृश्य होतं ते मी आयुष्यात विसरणार नाही. पाच ट्रॅक्टर, पाच ट्रॉल्या, त्यांत एकोणीस घरांतली बायामाणसं, आणि पहिल्या ट्रॅक्टरच्या मडगार्डवर ताई, हातात छत्री! मंडीत गव्हाची आवक जोरात होती, रस्ता ट्रकांनी तुंबलेला, हमाल पोती सोडून बघायला लागले. कोणी ओरडलं, "किसकी बारात है?" ताईंनी छत्री हलवली. मला हसूही येत होतं आणि भीतीही वाटत होती.

गोदामाला कुलूप होतं. आम्ही ट्रॅक्टर रांगेनं लावले, इंजिनं बंद केली आणि सावलीला बसलो. घोषणा नाही, आरडाओरडा नाही. ताईंनी बजावून ठेवलं होतं, "कोणी हात लावायचा नाही, दगड उचलायचा नाही. नुसतं बसायचं." शेजारचे व्यापारी येऊन विचारायचे, "क्या हुआ?" आणि एकोणीस माणसं आळीपाळीनं सांगायची, काय झालं ते. तासाभरात ती गोष्ट पुऱ्या मंडीला पाठ झाली.

डीलर आला तेव्हा त्याचा शर्ट चुरगळलेला होता. त्यानं ताईंना कोपऱ्यात नेलं. मी मुद्दाम जवळ राहिले.

"माल दे दूँगा. पर रिपोर्ट नहीं जाएगी न?"

"जाएगी," ताई म्हणाल्या. "माल दिया तो लिखूँगी कि पकड़े जाने पर दिया. नहीं दिया तो लिखूँगी कि नहीं दिया. अब तू सोच ले कि तुझे कौन सी पसंद है."

रस्त्यापलीकडे त्याच्या धंद्यातली माणसं हाताची घडी घालून पाहत होती. मग त्यानं खिशातून किल्ली काढली.

बुधवार आणि गुरुवार आम्ही गावातच होतो. रात्री सरपंचांच्या माडीवर झोपायचो, शिधा ताईंनी करोंदहून विकत आणलेला. पहाटेपासून सगळं गाव शेतात. ज्याचा संच बसला तो दुसऱ्याच्या शेतात धावायचा. नळ्या सोडायच्या, भोकं पाडायची, ड्रिपर ठोकायचे, पाणी सोडायचं. आणि प्रत्येक ओळीत ड्रिपरच्या तोंडातून पाण्याचा पहिला थेंब पडला की पोरीबाळींपासून सगळे ओरडायचे. ताई मागून टेप घेऊन. पन्नास मीटरची टेप, एक टोक माझ्या हातात. कागदावर जेवढे मीटर तेवढे जमिनीवर आहेत की नाहीत, हे त्या एकेका ओळीवरून चालत मोजत होत्या आणि वहीत लिहीत होत्या. कमी तर लिहायच्याच, जास्त असलं तरी लिहायच्या. मी चिडले. "ताई, जास्त कशाला लिहिता? वेळ नाहीये!"

"जे आहे ते लिहायचं. कमीच लिहिलं तर ते मोजणं नाही, दोष काढणं झालं."

गुरुवारी दुपारी सव्वाचारला अठरा शेतं पोर्टलवर चढली होती. एकोणिसावं कमलाबाईंचं. नवरा इंदूरला कामाला, शेत त्याच बघायच्या. सगळ्यांच्या शेतात राबून शेवटी स्वतःचं लावलं होतं. ताईंनी मोजलं. पुन्हा मोजलं. मग वहीतून मान वर केली.

"बारा मीटर कमी."

भेंडोळंच आखूड निघालं होतं, आणि ट्रॉलीत तुकडाही उरला नव्हता. शेवटची ओळ अर्धीच. कमलाबाई मटकन बांधावर बसल्या. हल्केराम म्हणाला, "मैडम, बारा मीटर ही तो है! सोमवार को ला देंगे." दुसरे चारजण तेच म्हणाले. आणि खरं सांगते, मीसुद्धा म्हणाले. "ताई, प्लीज. पंचेचाळीस मिनिटं उरलीत. करोंदहून आणायला तेवढाच वेळ जाईल. बारा मीटर कोण बघणारे?"

ताईंचा चेहरा उन्हानं तांबडा झाला होता, ओठ सुकले होते. "बारा मीटर सोडायचे असते," त्या म्हणाल्या, "तर सोमवारी त्या ट्रॉलीवर कशाला चढले असते मी?"

मग त्यांनी वही उघडली आणि पानं उलटायला लागल्या. "हल्केराम, सात मीटर ज़्यादा. तुम्हारे बगल वाला, चार. और कुएँ के पास वाला खेत, डेढ़. जाओ! सिरे से काटना, ड्रिपर मत तोड़ना!"

लोक असे पळाले, असे पळाले! हल्केराम त्या वयात बांध उड्या मारून ओलांडत होता. दहा मिनिटांत तीन तुकडे आले. जोडायला सांधे होते, पण नळीचं तोंड कडक, सांधा आत जाईना. एकानं दातानं ओढलं, एकानं दगड घेतला. "गरम पाणी लागतं," ताई ओरडल्या, मग थांबल्या, थर्मास उघडला आणि नळीचं टोक सरळ चहात बुडवलं! मऊ झालं, सांधा बसला. पुढचं टोक चहात, पुढचा सांधा. वेलची घातलेल्या चहाचा वास शेतभर सुटला. कमलाबाईंनी मोटर चालू केली. शेवटच्या ओळीतून आधी हवा आली, मग थोडा चहा आला, मग पाणी.

टेप लावली. बारा मीटर आणि वर अर्धा.

फोटो काढले चार एक्कावन्नला. टॅबलेटवर सिग्नल नव्हता. नीलगाईंना हाकलायला त्या शेतात एक मचाण बांधलेलं होतं. मी चप्पल टाकली आणि चढले. कधी झाडावर न चढलेली मी, बांबूच्या शिडीवरून वर गेले आणि टॅबलेट आभाळाकडे धरला. गोल फिरायला लागलं. फिरतंय, फिरतंय. 'त्रुटी. पुन्हा प्रयत्न करा.' चार चोपन्न. पुन्हा दाबलं. खाली वीसपंचवीस माणसं माना वर करून उभी. चार छप्पन्न. एक हिरवी खूण आली.

"चढलं!" मी मराठीतच ओरडले. कोणालाही भाषांतर लागलं नाही. असा आरडाओरडा झाला की शेजारच्या शेतातले बगळे उडाले. कमलाबाई रडत होत्या आणि हसत होत्या. ताई मात्र वहीत वेळ लिहीत होत्या.

आता पुढचं. ताईंनी पुढच्याच आठवड्यात रिपोर्ट लिहिला. अकरा पानांचा, सगळा खरा. डीलरनं काय केलं, शेतकऱ्यांनी खोट्या सह्या कशा आणि का केल्या, आणि स्वतः त्यांनी काय केलं तेही. 'मी तीन दिवस निरीक्षण मुद्दाम अपुरं ठेवलं. विनापरवानगी गोदामावर गेले. वरिष्ठांनी सांगूनही परत आले नाही.' मी ते टाइप करताना म्हटलं, "हे शेवटचं पान कशाला?" त्या म्हणाल्या, "त्याच्याशिवाय पहिली दहा खोटी होतील."

डीलरचं नाव यादीतून निघालं. शेतकऱ्यांना ताकीद मिळाली, पण संच राहिले. ताईंची वेतनवाढ थांबली, फिरतीचं काम काढून त्यांना भांडारात बसवलं. तिथूनच पुढच्या वर्षी निवृत्त झाल्या आणि यजमानांबरोबर नागपूरला मुलीकडे राहायला गेल्या. मला कोणी विचारलं, त्यांच्यावर फार अन्याय झाला नाही का, तर मी चटकन हो म्हणते. त्यांना स्वतःला तसं वाटलं असेल असं मात्र मला कधी दिसलं नाही.

पण त्या सगळ्यात मला सर्वांत जास्त आठवतो तो चौकशीचा दिवस.

रिपोर्टमध्ये ताईंनी माझं नाव फक्त एकदा घातलं होतं, 'ऑपरेटर माझ्या आदेशाप्रमाणे काम करत होती' म्हणून. चौकशीच्या आदल्या दिवशी त्यांनी मला कँटीनमध्ये गाठलं. "उद्या तुला विचारतील. सांगायचं, ताईंनी सांगितलं ते केलं. बाकी काही माहीत नाही. तुझं कंत्राट मेमध्ये संपते, ध्यानात ठेव."

मी हो म्हटलं. खरंच तेच सांगणार होते. घरीही नवऱ्याला तेच सांगितलं.

चौकशीचे अधिकारी बाहेरून आलेले, सभ्य गृहस्थ होते. त्यांनी विचारलं, "सोमवार को ही आप जानती थीं कि सेट एक ही है. फिर आपने पोर्टल पर रिजेक्ट क्यों नहीं डाला? आपको किसी ने रोका?" टेबलाच्या दुसऱ्या टोकाला ताई बसल्या होत्या, समोर पाहत. उत्तर माझ्या तोंडात तयार होतं. पण मला एकदम तो कालवा दिसला, पळणारा हल्केराम दिसला, आणि त्या चार दिवसांत मी एकदाही परत चला म्हणाले नव्हते हे आठवलं.

"किसी ने नहीं रोका सर," मी म्हणाले. "मैंने ख़ुद नहीं डाला. मैं भी चाहती थी कि उनको सेट मिले."

त्यांनी पेन थांबवून पाहिलं. "यह लिख लूँ?"

"लिख लीजिए."

बाहेर जिन्यात ताईंनी मला धरलं. इतकं चिडलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. "अक्कल आहे का तुला? माझं एक वर्ष उरलं, तुझी पंचवीस उरली! तुला शिकवून ठेवलं होतं न मी? मूर्ख! अगदी मूर्ख!" त्यांचा आवाज जिन्यात घुमत होता, वरून दोन शिपाई वाकून बघत होते.

"पण ताई, मी पण होते न तिथं," मी म्हणाले. माझ्याही नकळत माझ्या तोंडून नागपूरचा 'न' आला.

त्यांनी माझा हात सोडला. मग तरातरा जिना उतरून गेल्या. मला वाटलं, संपलं, आता या बाई माझ्याशी बोलणार नाहीत. मी हळूहळू खाली आले तर फाटकापाशी त्या स्कूटर चालू करून उभ्या.

"बस मागं. घरी सोडते."

मी बसले. त्यांनी गाडी रस्त्याला लावली आणि मान न वळवता विचारलं, "उद्या पुन्हा असं झालं तर काय करशील?"

"हेच करीन."

सिग्नल हिरवा झाला तशी त्यांनी स्कूटर अशी जोरात सोडली की मी त्यांच्या खांद्याला गच्च धरलं. खांदे हलत होते. मला आधी वाटलं, रडतायत. मग वाऱ्याबरोबर त्यांचं हसू मागं आलं, मोठ्ठं, मोकळं, शेजारचा रिक्षावाला वळून बघेल असं, आणि ते रस्ता संपेपर्यंत थांबलं नाही.